‘पाटल्या तूच घेतल्यास!’

(पत्रलेखिकेची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ५३ वर्षांच्या. घरी ब्लाऊज शिवून द्यायचं काम चांगलं चाललं होतं, आता जवळजवळ बंद आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त. सासरेही शिक्षक होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तीनेक वर्षांपासून सासूबाईंचा विसराळूपणा वाढत गेला. हल्ली दिवेलागणीला त्या ‘हे अजून शाळेतून कसे आले नाहीत’ म्हणत दाराशी जाऊन बसतात. बाबा गेले असं सांगितलं, की बातमी आत्ताच कळल्यासारख्या रडतात. चार महिन्यांपासून चोरीचा आळ सुरू झाला आहे. सोन्याच्या पाटल्या सुनेने लांबवल्या असं त्या शेजारीपाजारी सांगतात. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, तर ‘पकडली जाशील म्हणून आणून ठेवल्यास’ हे वर. यजमान म्हणतात, म्हातारचळ आहे, तू लक्ष देऊ नकोस. ठाण्याच्या नणंदबाई म्हणतात, आई माझ्याशी फोनवर अगदी व्यवस्थित बोलते. पुण्याचे धाकटे दीर फारसं काही बोलत नाहीत, फक्त ‘पाटल्या आता कुठे आहेत?’ एवढं त्यांनी विचारलं.

पुढे त्या लिहितात: “एकोणतीस वर्षं या घरात राबले. यांच्या मनात माझ्याबद्दल पहिल्यापासून हेच होतं का? म्हातारपणी पोटातलं ओठावर येतं म्हणतात. गेल्या आठवड्यात मी त्यांचा दंड इतका जोरात धरला की वळ उठला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांना कुठे ठेवावं म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतील. आणि आता दुसरीच धास्ती, आमच्या यजमानांनाही पुढे हेच होणार का?”

ताई,

तुमचं पत्र सात पानी आहे आणि त्यातला सगळ्यात दुखरा प्रश्न पाचव्या पानावर, दोन ओळींत, जाता जाता विचारलेला आहे. यांच्या मनात पहिल्यापासून हेच होतं का? बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी हा. याचं उत्तर मनात चुकीचं बसलं, तर पुढचं काहीही सांगून उपयोग नाही.

नाही, ताई. पोटातलं ओठावर आलेलं नाही.

काय घडतं ते बघा. मेंदूच्या आतल्या अंगाला, साधारण कानाच्या पातळीवर, एक छोटा भाग असतो. आज घडलेली गोष्ट उद्यासाठी नोंदवून ठेवायची, हे त्याचं काम. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, बहुतेक वेळा तोच आधी पोखरला जातो. सासूबाईंनी पाटल्या काढल्या, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून तांदळात खुपसल्या, आणि खुपसल्याची नोंदच झाली नाही. त्या विसरल्या म्हणणंसुद्धा पूर्ण बरोबर नाही. पुसायला आधी पाटीवर काही लिहिलेलं तरी लागतं. तासाभराने कपाट उघडलं तर पाटल्या नाहीत. ‘मी हलवल्या नाहीत’ हे त्यांच्या लेखी शंभर टक्के खरं. पाटल्यांना पाय फुटत नाहीत, एवढा तर्क त्यांच्यात अजून शाबूत आहे, आणि तो शाबूत आहे म्हणूनच आळ येतो. मग उरतं कोण? जी बाई गोळी देते, केस विंचरते, कपाट आवरते, ती. उद्या नणंदबाई महिनाभर राहायला आल्या, तर पाटल्या त्यांनी घेतलेल्या असतील.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे रचून सांगत नाही. १९०१ साली जर्मनीत, फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. ऑगस्टे तिचं नाव. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. तिच्या आजारातली पहिली ठळक खूण म्हणून त्यांनी जे नोंदवलं ते विसरणं नव्हतं, नवऱ्यावरचा संशय होता. पुढे ती घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवायची, कुणीतरी आपल्याला मारायला टपलंय म्हणून ओरडायची. १९०६ मध्ये ती गेली. तिच्या मेंदूत काय दिसलं ते अल्झायमर यांनी त्याच वर्षी डॉक्टरांच्या सभेत मांडलं, आणि आजाराला त्यांचं नाव पडलं. म्हणजे या आजाराचा जो पहिला कागद आहे, त्यावर तुमच्या घरातल्या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत, संशय आणि लपवाछपवी. फ्रँकफर्टची ती बाई काही तुमच्या सासूबाईंच्या ओळखीची नव्हती.

आता यजमानांच्या शब्दाकडे. म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी. आपल्या भाषेने ही फार सोयीची कुलुपं करून ठेवली आहेत. एकदा लावली की डॉक्टरकडे जायला नको आणि आपलं वागणं बदलायलाही नको. पण वय झालं की असं होतंच, हे खरं नाही. भारतात ज्येष्ठांचा मोठा पाहणी अभ्यास झाला, त्याच्या २०२३ साली आलेल्या अंदाजानुसार साठीच्या पुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे. देशभरात मिळून सुमारे ८८ लाख माणसं. आकडा लहान नाहीच. पण तो उलटा वाचला तर शंभरातल्या ब्याण्णव जणांना म्हातारपण येतं, चळ येत नाही. ज्यांना येतो त्यांना आजार असतो, आणि आजाराची तपासणी करायची असते.

ती तुमच्याकडे झालेलीच नाही, हे वाचून मी दोन मिनिटं थांबले. तीन वर्षांत एक बीपीची गोळी आणि एक झोपेची गोळी, एवढ्यावर काम चाललंय. मीही वर अल्झायमर, अल्झायमर म्हणत आले, पण तसं कुणी निदान केलेलं नाही. थायरॉइड कमी पडला, बी-१२ उतरलं (शाकाहारी माणसांत हे सर्रास सापडतं), रक्तातलं सोडियम घसरलं, नैराश्य आलं, तरी माणूस असाच भरकटतो. पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साकळलं तरीही. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो. आणि झोपेच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ स्वतःच वाढवतात. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठा. मिरज तुम्हाला लांब नाही. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. आणि एका कागदावर लिहून न्या की काय, कधीपासून, कोणत्या वेळी जास्त. डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटं सासूबाई अगदी छान बोलतील, हे धरूनच चला. शिक्षिका आहेत, परीक्षेला बसल्यासारख्या सावरून बसतील. नणंदबाईंना फोनवर जी आई भेटते ती हीच. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना फक्त दहा मिनिटांची आई माहीत आहे.

तपासणीनंतर अल्झायमरच निघाला तर डोनेपेझिल, मेमॅन्टिन अशी औषधं देतात. काहींना त्यांनी थोडा काळ बरं पडतं, आजार मात्र थांबत नाही. आरडाओरडा फारच वाढला तर शांत करणारी औषधंही लिहून देतात. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो, तेव्हा किती दिवस द्यायची हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. एक खूणगाठ मात्र आजच बांधा. काल बऱ्या होत्या आणि आज एकाएकी बरळायला लागल्या किंवा ग्लानीत गेल्या, तर तो आजार वाढलेला नसतो. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, न्यूमोनिया, काहीतरी नवीन झालेलं असतं. त्या दिवशी वाट बघायची नाही.

पाटल्यांचं काय करायचं? माझी थोरली आत्या पेन्शनचे पैसे उशीच्या अभ्र्यात दडवायची आणि माझ्यावर आळ घ्यायची. मी पासबुक उघडून एकेक नोंद दाखवत बसायचे. ती शांतपणे सगळं ऐकायची आणि म्हणायची, “खोटं लिहायला कितीसा वेळ लागतो!” दीड वर्ष मी तिच्याशी खटला लढले, ताई. एकदाही जिंकले नाही. मग एक दिवस, खरं तर कंटाळून, म्हटलं, “अगंबाई, पैसे दिसत नाहीत? चल, दोघी शोधू.” ती इतकी मवाळ झाली की मलाच लाज वाटली. तिला चोर नको होता, कुणीतरी आपल्या बाजूचं हवं होतं.

तेव्हा ‘मी घेतल्या नाहीत’ हे वाक्यच सोडून द्या. ‘तुम्हीच ठेवल्या असतील’ हे तर नकोच. ‘पाटल्या नाहीत म्हणजे जीव घाबरा होणारच’ म्हणा आणि त्यांना बरोबर घेऊन शोधा. आणि वस्तू तुम्हाला आधी दिसली तरी त्यांच्या हाती लागू द्या. तुम्ही काढून दिलीत की ‘आणून ठेवल्यास’ ठरलेलं. त्यांच्या लपवायच्या जागा तीन-चारच असतील. डबे, देव्हाऱ्यामागचा कोपरा, गादीखाली. खऱ्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ द्या आणि घरात तशाच दिसणाऱ्या एक ग्रॅमवाल्या राहू द्या. हे गुपचूप करू नका. तीनही भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो, वजन, तारीख टाकून करा. धाकट्या दिरांच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर भांडणाशिवाय मिळून जाईल.

पत्रात ओझरता उल्लेख आहे की त्यांचं कानाचं मशीन ‘शिट्टी मारतं म्हणून’ कपाटात पडून आहे. ते काढा, दुरुस्त करून आणा. ज्याला ऐकू येत नाही त्याला घरातलं प्रत्येक हळू बोलणं आपल्याविरुद्धचं कारस्थान वाटतं. धडधाकट माणसालाही वाटतं, मग यांचं काय.

संध्याकाळचं दाराशी बसणं. तिन्हीसांजेला असे रुग्ण जास्त बेचैन होतात, कुणी स्वतःच्याच घरात बसून ‘घरी जायचंय’ म्हणतं. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, त्या वेळेला त्यांच्या हाताला काम द्या. लसूण सोलू देत, तुमच्या शिवणाच्या चिंध्या रंगाप्रमाणे लावू देत. आणि ‘हे कसे आले नाहीत’ याला काय उत्तर द्यायचं? तुम्हाला खोटं बोलायचं पाप नको आहे, म्हणून तुम्ही रोज खरं सांगता. त्या खऱ्याचं त्यांच्या बाजूने काय होतं ते बघा ना. त्या रोज नव्याने विधवा होतात. दहा मिनिटांनी बातमी पुसली जाते, पोटातला गोळा मात्र रात्रीपर्यंत तसाच राहतो, आणि का आलाय ते त्यांनाही ठाऊक नसतं. खोटं बोलायची गरज नाही. प्रश्नाच्या मागे जी ओढ आहे तिला उत्तर द्या. ‘बाबांची आठवण आली का? ते शाळेत कसे जायचे हो, सायकलवरून?’ आजची नोंद होत नसली तरी चाळीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर अजून जागेवर आहे. त्या बोलतील. एखाद्या दिवशी सरळ तुमच्या डोळ्यांत बघून ‘ते गेले ना गं?’ असं विचारलं, तर मात्र हो म्हणा आणि जवळ बसा.

आता तो वळ. ‘होतं असं कधीकधी’ म्हणून मी ते पुसून टाकणार नाही. तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणजे तुम्हालाही ते पुसायचं नाहीये. म्हाताऱ्या माणसाची त्वचा कागदासारखी असते, पुढच्या वेळी हाड मोडेल. पण तुम्ही दुष्ट आहात म्हणून ते घडलं, असं मला वाटत नाही. तुम्ही दमला आहात. पत्रात लिहिलंय की गेल्या दोन वर्षांत तुम्ही एक रात्रही घराबाहेर राहिला नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेला नाहीत. हात शिवशिवायला लागले की खोलीतून बाहेर पडायचं. त्यांच्याभोवती गरम किंवा धारदार काही नाही एवढं बघायचं आणि अंगणात जाऊन दहा मिनिटं उभं राहायचं. तेवढ्यात त्या विषय विसरलेल्या असतील. या आजाराने तुम्हाला दिलेली ती एकच सवलत आहे, ती वापरा. मन मोकळं करायला कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसंबंधीच्या चौकशीसाठी एल्डरलाइन १४५६७.

दहा मिनिटांनी दोन वर्षांचा थकवा मात्र उतरत नाही. म्हणून यजमानांना आणि भावंडांना एकत्र बसवा. ‘मला मदत करा’ असं म्हणू नका. मदत म्हटलं की काम तुमचं ठरतं आणि ते उपकारकर्ते. आई तिघांची आहे. दिरांना पुण्याहून आठ दिवस येऊन राहायला सांगा, आणि त्या आठ दिवसांत तुम्ही घरात नको. माहेरी जा, कुठेही जा. तुम्ही असलात तर ते पाहुणे राहतील. निघताना गोळ्यांचं वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावा, रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला सांगा, दाराची वरची कडी दाखवा. सासूबाईंच्या झंपराच्या आत नाव आणि दोन मोबाईल नंबर शिवून टाका. तुमच्यासारखीला अर्ध्या तासाचं काम. कुणी बाहेर भटकत गेलं तर पत्ता सांगता येत नाही, असला नंबरच घरी आणतो. नणंदबाईंना येणं जमत नसेल तर दिवसाच्या बाईचा पगार त्यांनी द्यावा. हे स्पष्ट, आकड्यात बोला. भावनेत बोललात की सगळे रडतील आणि सोमवारी आपापल्या गावी जातील.

त्याच बैठकीत पैशाचंही. तुम्ही लिहिता, यजमानांच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलंय, ती काळजी नाही. आहे, ताई. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की ते मुखत्यारपत्रच संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं, त्याच दिवशी ते उपयोगाचं राहत नाही. मृत्युपत्रालाही करताना शुद्ध बुद्धी लागते. सासूबाईंचे अजून काही तास, काही दिवस स्वच्छ असतात. तेव्हा वकील आणि डॉक्टर दोघांनाही विचारा, की आज त्यांना समजून-उमजून सही करता येईल का. येत असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह काय ते आत्ता करा. येत नसेल तर कुणाचा अंगठा धरून काही उमटवू नका. पुढे गरज पडलीच तर उच्च न्यायालयाकडे पालक नेमण्याची मागणी करता येते, मुंबई उच्च न्यायालयाने घरच्या माणसाला असं नेमल्याची उदाहरणं आहेत. वेळखाऊ आहे, पण नंतर कुणी बोट दाखवत नाही. आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका, तुमच्या घरचा अर्धा खर्च त्यांच्या पेन्शनवर चालतो असं तुम्हीच लिहिलंय.

‘कुठे ठेवण्या’बद्दल. मी त्याला पाप म्हणत नाही, आणि आज करा असंही म्हणत नाही. एक तर साधे वृद्धाश्रम अशा रुग्णांना बहुधा घेतच नाहीत. त्यांना हिंडती-फिरती, स्वतःचं स्वतः करणारी माणसं हवी असतात. स्मृतिभ्रंशासाठीची वेगळी केंद्रं मोठ्या शहरांत आहेत, ती महागडी आहेत. पण अंथरुणातच सगळं व्हायला लागेल, रात्र-रात्र कुणी झोपणार नाही, किंवा तुमचा हात पुन्हा तसा उठेल, त्या दिवशी हा विचार टाळू नका. तोंडात शेण घालणारे लोक रात्री दोनला चादर बदलायला येत नाहीत. आत्तापासून दोन-तीन जागा बघून ठेवा. दुपारच्या वेळी, न कळवता जा. रुग्णांना खुर्चीला बांधून ठेवलंय का आणि जेवण कोण भरवतंय, एवढं बघितलंत तरी पुरे.

राहिले यजमान. आईला आहे म्हणजे मुलाला होणारच, असं नाही. धोका थोडा वाढतो, पण सरळ पिढीतून उतरणारे प्रकार फार कमी आणि ते बहुतेक साठीच्या आतच दिसतात. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली आणि ती सगळी आवरली तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात, असा अंदाज दिला. समाजाचा हिशेब आहे तो, एकट्या माणसाची हमी नव्हे. यादीत बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू आहे, तसंच कमी ऐकू येणं, वेळेत न काढलेला मोतीबिंदू, एकटेपणा, डोक्याला बसलेला मार हेही आहे. बदाम आणि शब्दकोडी यांचं नाव त्यात नाही. खायचे तर खा, सोडवायची तर सोडवा. पण तुम्ही लिहिता की यजमान बीपीची गोळी ‘त्रास वाटला की’ घेतात आणि हेल्मेट गाडीला अडकवून गाडी चालवतात. आईला चळ म्हणणाऱ्या या गृहस्थांना एवढं माझ्या नावाने सांगा.

आधी तज्ज्ञांची वेळ घ्या. मग दिरांना फोन, आणि तारीख ठरल्याशिवाय तो ठेवू नका. माहेरी जाताना शिवणाची कात्री बरोबर नेऊ नका, नुसत्या झोपा. आणि परत आलात की, एक ग्रॅमवाल्या का असेनात, भात लावण्याआधी तांदळात एकदा हात घालून बघत जा.